निमजे बाईंची चूक

नववीच्या वर्गात शिरल्या की निमजे बाई थेट शेवटच्या बाकावर जाऊन बसायच्या आणि म्हणायच्या, "बोला गा, कोणाले काय नाही समजलं?"

गणिताचा धडा त्यांनी आदल्या दिवशीच फोनवर रेकॉर्ड करून पाठवलेला असे. घरी फोन नसलेल्या पोरांना शाळा भरण्याआधी त्या स्वतःचा फोन देत. वर्गात मग नुसती गणितं, खाडाखोड आणि भांडणं! प्रताप नगरातल्या त्या शाळेत मी शेजारच्या वर्गात मराठी शिकवायचो. मला ही थेरं वाटायची. "न शिकवता पगार, मजा आहे बुवा," असा टोमणाही मी मारला होता.

बाई हसल्या. "मी बोलली म्हणजे पोरं शिकले, असं तुम्हाले काहून वाटते, सर?"

पुढे पालक भांडायला आले. "धडा घरीच पाहून राहिले, तं बाई कायच्यासाठी हाय?" मुख्याध्यापकांनी ठरवलं, शनिवारी पालकांसह तास पाहायचा. नाही पटला, तर बाईंची नववी काढून घ्यायची.

आणि नेमकी शनिवारसाठी रेकॉर्ड केलेल्या धड्यातच बाईंची चूक झाली! सगळ्या वह्यांत ती जशीच्या तशी उतरलेली. श्रावणी तेवढी उठली. "बाई, कंसाबाहेर वजा आहे. आतली चिन्हं बदलवा लागते. तुमचं चुकलं."

मागे बसलेले पालक एकमेकांकडे पाहू लागले. बाई मात्र खुललेल्या. "ये वं, फळ्यावर दाखव!" श्रावणीनं दाखवलं. वर्गातले दोघे तिच्याशी भांडले, आकडे घालून पाहिल्यावर मात्र आपापली वही खोडू लागले.

"चुकीचं शिकवलंत. पालकांची माफी मागा," मुख्याध्यापक म्हणाले.

"चुकीची मागतो. पद्धतीची नाही मागत," बाई म्हणाल्या. " वीस वर्षं खडू घासला मी. तेव्हाही चुकतच असन, पण कोण्या पोरानं 'बाई, चुकलं' म्हणून टोकलं नाही."

नववी गेली. बाईंना पाचवी दिली. 'ही पद्धत अयोग्य आहे' अशा कागदावर आम्हा शिक्षकांच्या सह्या घेतल्या. मीही केली. भित्रा होतो, दुसरं काय!

आठवड्यानं तोंड पाडून मी पाचवीच्या दारात उभा राहिलो. "बाई, माझं चुकलं."

"काहून तोंड पाडून राहिले, सर? नववीतल्या पोरांची गप्प बसायची सवय मोडाले मले सहा महिने लागले होते. हे पाचवीतले तं पहिल्याच दिवसापासून टोकून राहिले!"