एकही तक्रार बाकी नाही

तिरोड्याच्या संघदीपला विचारा, काय करतोस, तर तो सांगणार, "सॉफ्टवेअर सांभाळतो." बनवणं वेगळं आणि सांभाळणं वेगळं, म्हशी पाळणाऱ्याला विचारा हवं तर! सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या रुग्णांची नोंद ठेवणारं त्याचं हे सॉफ्टवेअर सगळ्यांना खुलं होतं. कोणीही फुकट वापरावं, आतला कोड वाचावा, सुधारावा, चुकलं तर चारचौघांत तक्रार लिहावी. थोरली बहीण रंजिता लहानपणापासून या आजारानं तळमळायची, म्हणून त्यानं ते लिहायला घेतलं होतं. आता जिल्ह्यातले बरेच दवाखाने ते वापरत होते.

मग मदत देणारी एक संस्था आली आणि तिच्या मागोमाग मोजमाप आलं. तक्रारी किती, किती दिवसांत मिटल्या, सगळं एका फलकावर लाल-हिरव्या रंगात. लाल दिसलं की संस्थेचा फोन! एकट्या जिवानं मरमर तरी किती करावी? शेवटी त्यानं युक्ती केली: तक्रार आली की यंत्रच जास्तीची माहिती मागणार, आणि महिनाभर उत्तर आलं नाही, की तक्रार आपोआप बंद. फलक हिरवागार झाला. डॉक्टर मंडळींच्या मीटिंगमध्ये गडी छाती फुगवून म्हणाला, "एकही तक्रार बाकी नाही." टाळ्याही पडल्या.

आणि एका दुपारी आईचा, कलाबाईचा फोन आला. रंजिताला लग्न करून चिचगडला दिलेलं, ती पोटुशी होती, सातवा महिना चालू होता.

"संघ्या, ताईले तालुक्याच्या दवाखान्यात आणलं. छातीत दुखून राहिलं, धाप लागून राहिली. अन् डॉक्टर म्हणते हिले सिकलसेल नाहीच, कंप्युटरमधी नॉर्मल आहे. मी सांगून सांगून थकली, आयकतच नाही!"

 संघदीपनं ताईची नोंद उघडली. नॉर्मल! गाव चिचगडच, पण वय भलतंच. मग त्यानं बंद तक्रारी उलथ्यापालथ्या केल्या, तर चिचगडच्या नर्सचं, अल्का सिस्टरचं लिहिणं सापडलं: 'गावातल्या दोन रंजितांची नोंद एक होऊन राहिली. एकीचा आजार पुसला गेला. लवकर पाहा.' खाली त्याच्याच यंत्रानं जास्तीची माहिती मागितली होती. त्याखाली शेरा होता: उत्तर नाही, तक्रार बंद.

त्यानं डॉक्टरला फोन लावला.

"साहेब, मी संघदीप. ती नोंद चुकीची आहे. माझी बहीण आहे ती."

"अरे भाऊ, घरचे सगळे हेच बोलतात. और सॉफ्टवेअर तो आपका ही है ना? मीटिंगमध्ये तुम्हीच सांगितलं, एकही तक्रार बाकी नाही."

 मागून ताईचं कण्हणं ऐकू येत होतं. आता अब्रू सांभाळत बसला असता तर बहीण गेली असती.

"तक्रार होती, साहेब. मी न वाचता बंद केली. तुमच्यासमोर खोटं बोललो मी. ऑक्सिजन लावा, तिचं रक्त आत्ता तपासा. पाया पडतो तुमच्या!"

 मग "सिस्टर, ऑक्सिजन लाओ!" ऐकू आलं आणि फोन कटला.

संघदीपनं ती मेली युक्ती काढून फेकली, आपोआप मिटलेल्या सगळ्या तक्रारी पुन्हा उघडल्या. फलक लालभडक झाला. लगेच संस्थेचा फोन वाजायला लागला. वाजू दे! आईचा फोन येईल म्हणून संस्थेचा त्यानं उचललाच नाही, कट करत राहिला.

आईचा फोन आला तो संध्याकाळी. रक्तात आजार दिसला होता, धाप जरा कमी झाली होती, गोंदियाला हलवत होते.

तो गोंदियाच्या दवाखान्यात पोचला, तर रंजितासोबत अल्का सिस्टरही आलेली होती. त्याला बघताच ती कडाडली, "मी लिहिलं होतं ना भाऊ? वरून तुमचं यंत्र मलेच म्हणते, उत्तर नाही! आमच्याकडं त्यानंतर महिनाभर मोबाइलचा टॉवरच बंद होता, उत्तर कुठून देऊ?"

तो मान खाली घालून खाटेपाशी गेला. रंजितानं तोंडावरचा मास्क जरासा सरकवला.

"काऊन रे संघ्या," ती हळूच म्हणाली, "मलेच बंद करून टाकलं होतं का तू?"

ती थट्टा करत होती. संघदीपला मात्र तिथंच रडू फुटलं.