लटारूभाऊंची खाऱ्या पाण्यातली रील

आरमोरीच्या बाजारात लटारूभाऊंचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. तिथून समुद्र म्हणजे एक रात्र, एक दिवस आणि दोन-तीन गाड्या. तरी या हिवाळ्यात त्या दुकानात पंक्चर घेऊन गेलेला माणूस मिठाचं व्याख्यान ऐकल्याशिवाय परत येत नसे. मीठ लोखंडात कसं शिरतं, बेअरिंग कसं खातं, हे सगळं ऐकता ऐकता काही गिऱ्हाइकांनी स्वतःच ट्यूब काढून स्वतःच पंक्चर जोडलं, असं लोक सांगतात. पैसे मात्र भाऊंनी घेतले.

त्याचं मूळ रत्नागिरीत. लेक मयुरी तिथे नोकरीला, जावई राजदीपही तिथेच. जावयाला कयाकचा नाद. कयाक म्हणजे दोघांना मागेपुढे बसता येईल अशी निमुळती हलकी नाव. गळाची काठी नावेतच रोवायची, आपण हळूहळू वल्हवत राहायचं आणि मागे लांब दोरीला खोटा मासा ओढत न्यायचा. खऱ्या माशाने तो गिळला की काठीवरच्या रीलमधून, म्हणजे दोरी गुंडाळलेल्या चाकातून, दोरी सुटत जाते. गेल्या वर्षी राजदीपने सासऱ्यालाही पुढे बसवलं. मासा लागला, चांगला मोठा लागला, पण खारं पाणी पिऊन गंजलेली ती रील ऐन वेळी अडकली. आता अडकलेलं चाक दिसलं की लटारूभाऊंचा हात थांबत नाही, चाळीस वर्षांची सवय. त्यांनी वल्हं सोडलं आणि दोन्ही हातांनी रीलला ठोकायला सुरुवात केली. मासा गेला, नाव उलटली, आणि फुगीर जाकिटं घातलेले सासरा-जावई बुचासारखे पाण्यावर आले.

काठावर इवाई उभे होते. इवाई म्हणजे व्याही, राजदीपचे वडील देवराव, चंद्रपूरच्या खाणीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. त्यांच्या हातात मोबाईल होता आणि तो चालू होता. लटारूभाऊ आरमोरीला पोचायच्या दोन दिवस आधी त्यांचं बुडणं आरमोरीला पोचलं.

भाऊंच्या बायकोने, रुखमाबाईंनी, मात्र काठावरच निकाल दिला होता. "मासा गेला तं जाऊ द्या. पण पुन्हा रील अटकली अन् तुमी नाव पलटवली, तं पाणी तुमाले फक्त आंघोळीले."

खूप रुसवेफुगवे झाल्यावर तडजोड ठरली. भाऊंनी अशी रील आणायची की जी मिठाला भीक घालणार नाही. तिची परीक्षा आधी इथे, रुखमाबाईंच्या डोळ्यांसमोर. पास झाली तर जानेवारीत भाऊ कयाकमध्ये, नाहीतर वाळूत. जन्मात एकदाच समुद्र पाहिलेला माणूस, त्याला आता दुसरं काही सुचेना.

पहिलं काम त्यांनी केलं ते जावयाची जुनी रील पार्सलने मागवायचं. दुकानासमोरच्या बाजेवर पेपर अंथरून तिचं पोट फाडलं तेव्हा बघायला एवढे लोक जमले, की एकाने कोण वारलं म्हणून विचारलं. आत बेअरिंगवर मिठाचे खडे साखरेसारखे चमकत होते. भाऊंना पाप कुठून शिरलं ते समजलं. दोरी जिथून वळते त्या छोट्या गोल चाकाच्या फटीतून, आणि ब्रेकच्या उघड्या चकत्यांतून. दोन्ही हात वल्ह्यात गुंतलेले असताना माशाला हवी तेवढी दोरी सोडायची, पण ओढ कायम ठेवायची, हे काम एकट्या ब्रेकने करायचं. तोच गंजला तर राहिलं काय?

इकडे देवरावांचे फोन सुरू झाले. त्यांनी एक सोनेरी रील पाहून ठेवली होती, बारा बेअरिंगची. देवरावांचा स्वभावच तसा, जिथे आकडा मोठा तो माल चांगला. मागे त्यांनी सर्वांत जास्त बटणांचा मिक्सर घरी आणला होता; त्यातल्या एकाच बटणावर अजून चटणी होते, बाकीची बटणं नवीच आहेत. भाऊंनी फोनवर त्यांना शांतपणे ऐकवलं, "इवाई, जितके बेअरिंग तितक्या गंजाच्या खोल्या. मले धर्मशाळा नाई बांधाची."

शेवटी भाऊंनी घेतली ती काळी, दिसायला अगदी कढईच्या बुडासारखी. बेअरिंग मोजके, पण स्टीलचे. ब्रेक बंद डबीत, प्रत्येक जोडावर रबराची रिंग. निवड शंभर टक्के बरोबर होती. सोबतच्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं की उघडू नका.

भाऊंनी ती त्याच दुपारी उघडली. दुसऱ्याने बंद केलेली वस्तू त्यांना झोपू देत नाही. आतलं कंपनीचं निळसर ग्रीस त्यांना चिमूटभर वाटलं. त्यांनी ते पुसून काढलं आणि मोहाच्या टोळीचं, म्हणजे बियांचं, तेल भरलं. त्यांच्या आज्याने बैलबंडीच्या आखाला हेच लावलं, बापाने मोटेच्या चाकाला, आणि त्यांनी स्वतः अर्ध्या तालुक्याच्या सायकलींना. मग मीठ आत शिरणार कुठून?

रील आठ दिवस मिठाच्या पाण्याच्या बादलीत राहिली. घरातलं मीठ संपलं, रुखमाबाईंनी दोनदा अळणी वरण वाढून निषेध नोंदवला. भाऊ रोज भर दुपारी रील उन्हात धरून फिरवायचे. लोण्यासारखी फिरायची.

परीक्षा ठरली तलावावर, सकाळी सातला. मासेमार ढीवरांच्या मोहल्ल्यातला वारलू आपला डोंगा, म्हणजे लाकडी होडी, घेऊन आला. देवराव तर आदल्या संध्याकाळच्या बसने चंद्रपुरातून हजर. पारीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, ते आणि रुखमाबाई स्वेटर, मफलर आणि चहाचा थर्मास घेऊन बसले. थंडी अशी होती की बगळेसुद्धा पाण्यात पाय टाकायच्या आधी विचार करत होते.

वारलूने डोंगा हळू चालवला, मागे खोटा मासा नाचत निघाला आणि तळ्याच्या मधोमध मरळाने तो गिळला. काठी वाकली. पण रीलमधून दोरी सुटेना. ब्रेक हलेना, मूठ फिरेना, जणू कुणी आत सिमेंट ओतलं. देवरावांनी मोबाईल वर केला. भाऊंचे दोन्ही हात सवयीने उठले.

"ठोकू नका, भाऊ," वारलू म्हणाला. "मले पोहता येते. तुमाले नाई."

हात हवेतच थांबले. त्या थांबण्यात भाऊंच्या डोक्यात उजेड पडला. टोळीचं तेल हिवाळ्याच्या सकाळी घरच्या बाटलीत कसं थिजून बसतं, हे लहान पोरालाही माहीत. भाऊ ते दुपारी भरून विसरले होते. त्यांनी काठी खोबणीतून उपसली आणि रील शालीखाली थेट काखेत कोंबली. थंडगार लोखंड लागताच त्यांनी जो आवाज काढला त्याने बगळे उडाले. मग कोंबडी अंड्यावर बसावी तसे ते बसून राहिले. समोर काठी हत्तीच्या सोंडेसारखी निघालेली, मासा ओढेल तसे भाऊ लवून लवून माशाला नमस्कार घालताहेत, आणि वारलू हसू दाबायच्या नादात डोंगा गोल गोल फिरवतोय. पाच मिनिटांनी शालीतून किर्रर्र आवाज आला. तेल वितळलं होतं. दोरी सुटली, थांबली, परत गुंडाळली गेली, आणि मरळ डोंग्यात आला.

काठावर रुखमाबाईंनी माशाकडे पाहिलंसुद्धा नाही. रील हातात घेऊन वास घेतला आणि नवऱ्याकडे पाहिलं. भाऊंनी आज्याचं नाव काढून पाहिलं, बापाचंही काढलं. बाईंनी वारलूला स्क्रू खोलायला लावले. आठ दिवसांच्या मिठानंतर आत गंजाचा एक ठिपकाही नव्हता.

"रील पास," त्या म्हणाल्या. "तुमी नापास."

देवरावांनी घसा साफ केला. एक जागा रिकामी होत असेल तर आपण तयार आहोत, असं त्यांच्या मफलरवरूनही दिसत होतं.

"तुमी कायले घसा खाकरून राह्यले, इवाई? नावेत मी बसन."

आणि बसल्या. जानेवारीत रत्नागिरीच्या किनाऱ्यावर लुगड्यावर जाकीट बांधून, रीलमध्ये कंपनीचं तेच निळसर ग्रीस पुन्हा भरून रुखमाबाई राजदीपच्या पुढे बसल्या आणि समुद्रात गेल्या. लटारूभाऊ गुडघाभर पाण्यात उभे राहून सल्ले ओरडत होते, ते वाऱ्याने भलत्याच दिशेला नेले. सुरमई लागली तेव्हा रील गाऊ लागली. बाईंनी तिला बोटही लावलं नाही, सांगितल्याप्रमाणे शांतपणे वल्हवत राहिल्या. मासा दमल्यावर मग ओढून घेतला.

परत आल्यावर भाऊंनी लोचट आवाजात विचारलं, की उद्या आपला नंबर का?

"उद्याचं उद्या पाहू," बाई सुरमईचा फोटो काढून घेत म्हणाल्या. "आता ते रील गोड्या पाण्यानं धुवा. अन् उघडू नका."

भाऊ नळाखाली बसले. देवराव शेजारी मग्गा धरून उभे होते. भाऊंची नजर दोनदा स्क्रूवर गेली. दोन्ही वेळा त्यांनी हात मागे घेतला आणि मयुरीला मोठ्याने सांगितलं, की पाहून ठेव आणि आईला सांग.