दौंडच्या कपाटामागचं झाड

सूर्यप्रकाशानं कोणत्याही जीवाचं भलंच होतं, असं माझे वडील निवृत्त होऊन निमोण्याला आले त्या दिवशी म्हणाले. चौथ्या दिवशी त्यांच्या झाडाची पानं पांढरी पडली.

झाड दौंडच्या कचेरीतलं. जाड, गुबगुबीत, ठिपकेदार पानांचं. वडिलांच्या टेबलामागं, कपाटाच्या आडोशाला ते ट्यूबलाइटवर वाढलं होतं. निरोपसमारंभात तीन साहेबांनी, कचेरी यांना कधीच विसरणार नाही, असं सांगितलं. त्यातल्या एकानं नाव चुकवलं. वडिलांनी शाल-नारळ घेतला आणि आत जाऊन ही कुंडीही उचलली. इथं तिला पाणी कोण घालणार, एवढंच म्हणाले.

गावी त्यांनी ती ओट्यावर भर उन्हात ठेवली होती. पांढरे डाग आता तपकिरी झाले. वडील जेवता जेवता उठून कुंडी पाहून यायचे. नोकरीभर त्यांनी कागद सांभाळले. सांभाळलेलं जिवंत असं हे एकच.

झाड कोणतं ते कळलं तर उपाय सापडेल म्हणून मी एक पान घेऊन शिरूरला गेलो. नर्सरीवाला कोरफड म्हणाला, कॉलेजातले प्राध्यापक निवडुंग म्हणाले. मी पुस्तकं चाळली. त्यातली चित्रं काळी-पांढरी होती.

शेवटी शेजारचे आप्पा आले. त्यांचं अर्धं आयुष्य मेंढरांमागं गेलेलं. त्यांनी पान मोडलं, चीक येतो का पाहिलं, जिभेला लावलं.

"चीक न्हाई, म्हंजी निवडुंग न्हाई. कडू बी न्हाई. कोरफडीच्या भावकीतलं आसंल कुनीतरी." मग वडिलांकडं वळून म्हणाले, "भाऊसाहेब, लोकर कातरल्याव मेंढरू लगीच उन्हात सोडत्यात व्हय? पाठ भाजती त्याची. ह्याला सावलीची सवय. आन् तुम्हाला बी."

वडिलांच्या नाकाची तेव्हा सालं निघत होती.

दुसऱ्या दिवसापासून कुंडी बाभळीखाली गेली. पहिला आठवडा फक्त कोवळं ऊन, पुढं रोज थोडं जास्त. वडील शेजारी खुर्ची टाकून बसत आणि ऊन तापलं की कुंडीसकट सावलीत सरकत. दिवाळीपर्यंत नवी पानं टणक झाली, कडेला लाली आली. वडीलही शेतात दुपारपर्यंत टिकू लागले.

मग कुंडीत पिल्लं फुटली. मागेल त्याला वडिलांनी ती दिली. झाडाचं खरं नाव आम्हाला कधीच कळलं नाही. गावात आता सात घरांपुढं ते आहे, आणि सगळे त्याला हापिस म्हणतात.