तटावरचं हसू

आमच्याकडे साधा चहा हवा का म्हणून विचारायचं, तरी तीनदा विचारतात. पहिला 'नको' नुसता म्हणायचा म्हणून असतो, दुसरा संकोचाचा, आणि तिसऱ्यांदा विचारलं की माणूस कप हातात घेतो. कॅनडात, मिसिसागात इतकी वर्षं काढूनही आमच्या घरात ही रीत मोडली नव्हती. ती मी मोडली इटलीतल्या बारी शहराच्या बंदरावर, आणि तीही नवऱ्याच्या बाबतीत.

मी आणि मुलगी कॅनडाच्या नागरिक झालो होतो, पण आमच्या ह्यांनी भारतीय पासपोर्ट सोडला नव्हता. नागपूरचा माणूस, एकदा हटून बसला की बसला. आमच्या शपथविधीला हौसेने कॅमेरा घेऊन आले, टाळ्या वाजवल्या आणि घरी येऊन म्हणाले, "झालात का गोरे?" मंडळाच्या गणपतीत माईक हातात आला की गाडी हमखास 'मी पासपोर्ट सोडला नाही' यावर यायची. मी मागच्या खुर्चीत बसून मनात म्हणायचे, आवरा आता, लोकांची आमटी गार होतेय.

युरोपची सहल मात्र त्यांनी माझ्यासाठी आखली. मी सोलापूरची, समुद्र पाहिला तोच लग्नानंतर. क्रोएशियातल्या दुब्रोव्निकचं चित्र कुठल्याशा कॅलेंडरवर बघितलं होतं: शहराभोवती दगडी तट, तटावरून माणसं चालतायत आणि खाली निळाशार समुद्र. एकदा त्या तटावरून चालायचं, असं मी वर्षानुवर्षं म्हणत आले होते. हे कधी 'हं' सुद्धा म्हणायचे नाहीत, पण लक्षात ठेवलं होतं. जेनोवा, नेपल्स, मग बारी, आणि तिथून बोटीने दुब्रोव्निक. हॉटेलं, गाड्या, सगळं ह्यांनी बसवलं. युरोपच्या व्हिसासाठी रांगेत उभे राहिले तेही एकटेच, आम्हा दोघींना तो लागतच नव्हता.

बारीच्या बंदरात बोटीच्या काउंटरवरच्या मुलीने आमचे दोन पासपोर्ट एका बाजूला ठेवले आणि ह्यांचा हातात धरून ठेवला. क्रोएशिया तेव्हा युरोपच्या त्या सामायिक व्हिसात आला नव्हता. इटलीच्या व्हिसावर तिथे जाता येत नाही, त्यांचा वेगळा काढावा लागतो, असं तिचं म्हणणं.

"बट आय हॅव युरोप व्हिसा!" हे म्हणाले. मग तेच पुन्हा, मोठ्याने. मागची रांग माना उंचावून बघायला लागली. तिने तो पासपोर्ट बोटाने काउंटरवरून मागे सरकवला. ह्यांचे कान लालबुंद झाले होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी बॅगेची चेन उगीच उघडत आणि लावत बसले.

"जा ना बाप्पा तुम्ही दोघी," हे म्हणाले. "माझ्यासाठी काय थांबून राहिल्या! मी इथे मस्त झोपा काढतो."

"थांबू का मी?"

"नको."

आणि मी निघाले. एकदाच विचारून! चिवड्याची पिशवी त्यांच्या हातात कोंबली, गोळ्या वेळेवर घ्या म्हटलं, आणि तरातरा बोटीचा जिना चढले. वरून पाहिलं तर ते पिशवी पोटाशी धरून उभे होते. मुलगी म्हणाली, "मॉम, ही इज नॉट ओके." मी म्हटलं, "गप बस, नाटकं करू नकोस."

आता दुब्रोव्निकचं सांगते, आणि सांगताना आजही मान वर होत नाही. असे दिवस माझ्या आयुष्यात आले नव्हते. ह्यांच्याबरोबर फिरायचं म्हणजे हे नकाशा घेऊन दहा पावलं पुढे, आणि "चला, चला, अजून दोन चर्च राहिलेत" असा धोशा. मी कायम त्यांच्या पाठीकडे बघत चालायचे. इथे पुढे कोणी नव्हतं. वाटेल तिथे बसलो. आइस्क्रीम खाल्लं, वर अजून एक खाल्लं. तटावर असा वारा सुटला की माझी ओढणी उडून एका जर्मन आजोबांच्या तोंडावर गेली. ते बिचारे आत गुरफटले, मुलगी फिस्सकन हसली आणि मग मी जी सुटले, ती पोट धरून खालीच बसले. आजोबांनी ओढणी परत दिली आणि आमच्याच कॅमेऱ्याने आमचा फोटो काढून दिला.

संध्याकाळी हॉटेलातून ह्यांना फोन लावला. "कसं आहे?" हे म्हणाले.

"ऊन फार आहे हो. तुम्ही नाही तर काय मजा!"

मुलगी माझ्याकडे बघत राहिली. मी तिच्याकडे पाठ केली.

परत आलो तेव्हा हे बंदरावर उभे. दाढी केलेली, शर्ट इस्त्रीचा, हातात कागदाचा पुडा. आत आपल्या गव्हल्यांसारखं काहीतरी होतं, फक्त मोठं. "अगं, इथल्या जुन्या गल्ल्यांत बायका दारात बसून हे वळतात," ते उत्साहाने सांगत होते. "सेम तुझी आई! एका आजीने मला खुर्ची दिली बसायला. सारखं वाटत होतं, तू हवी होतीस." मी "हो का, हो का" करत राहिले. गव्हल्यांकडे बघायचाही धीर होत नव्हता.

घरी आल्यावर फोटोंचा कार्यक्रम करावाच लागतो, आमच्या मंडळींत तशी पद्धतच आहे. एका रविवारी जेवणं झाल्यावर बेसमेंटमध्ये सगळे जमले, मुलीने लॅपटॉप टीव्हीला जोडला. ह्यांनीही फोटो तोवर पाहिले नव्हते. मीच आज बघू, उद्या बघू करत टाळलं होतं. बारीचा किस्सा आम्ही कोणालाच सांगितला नव्हता. गणपतीतल्या भाषणांनंतर सांगणार कुठल्या तोंडाने?

आणि पडद्यावर मी आले. तटावर बसकण मारलेली, केस विस्कटलेले, तोंड आ वासून हसणारी. एवढी मोठी!

"अगं बाई, काय हसताय वहिनी!" शेजारच्या टाउनहाउसमधली मैत्रीण ओरडली. "असं काय केलं हो तुमच्या ह्यांनी फोटो काढताना?"

मुलगी लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसली.

"आमची सीक्रेट्स आहेत ती," हे म्हणाले. सगळे हसले. हेही हसले, आणि पडद्याकडे बघत राहिले. पुढचा फोटो आला तरी बघत होते.

मंडळी गेल्यावर स्वयंपाकघरात आम्ही दोघंच होतो. मी म्हटलं, "पुढच्या उन्हाळ्यात परत जाऊ. तुम्ही पण. व्हिसा आधीच काढू."

"नको. झालं ना तुझं बघून."

"जाऊ या हो."

"काय करायचं परत तेच बघून?"

या वेळी मी सोडणार नव्हते. त्यांच्या हातातल्या प्लेटा धरल्या आणि तिसऱ्यांदा म्हटलं, "चला ना. माझ्यासाठी चला."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं. "मी असलो तर हसशील तशी?"

'हो' म्हणायला वेळ लागायला नको होता. पण लागला. मी तोंड उघडेपर्यंत त्यांनी प्लेटा माझ्या हातातून हळूच सोडवून घेतल्या होत्या, आणि नळ सोडून ते त्या विसळायला लागले होते.