विणकराचा माग

माझे वडील औंढ्याला वकिली करायचे. निजामाच्या राज्यात कचेरीचं सगळं काम उर्दूत चाले, त्यामुळे कर्जात अडकलेली माणसं कागद वाचून घ्यायला आमच्या ओसरीवर येत.

एकदा शिरड शहापूरचा एक विणकर बायकोला घेऊन आला. सुतासाठी काढलेलं कर्ज थकलं म्हणून सावकाराने त्याचा माग उचलून नेला होता.

“वकीलसाब, कर्ज मी नाकारून न्हाई राहिलो,” तो म्हणाला. “पण मागच न्हाई तर फेडू कशानं?”

वडिलांनी फी न घेता अर्ज केला. कारागिराचं हत्यार असं उचलता येत नाही, हे त्यांनी कचेरीत ठासून मांडलं आणि माग परत मिळवून दिला.

पण त्यानंतर त्याला कोणी उधार सूत देईना. वडील स्वतः जामीन राहायला दुकानोदुकानी फिरले. सगळ्यांनी हात जोडले. सावकाराला दुखवायला कोणी तयार नव्हतं.

शेवटी ते दोघं गिरणीत काम शोधायला नांदेडला निघाले. जाताना बाई आईला म्हणाली, “वकीलसाबांना सांगा, तुमी आमच्यासाठी लई केलं.”

आईने जेवताना निरोप सांगितला.  ताट सारून वडील ओसरीवर जाऊन बसले.