रोब म्हणजे लुटीतला कपडा

आम्ही वरवट बकाल सोडलं ते सकाळच्या एसटीनं. माय खिडकीशी बसली होती, पदर कपाळावर ओढून. माझ्या मांडीवर शिलाई मशीनचं डोकं, जुन्या चादरीत बांधलेलं. निरोपाला कुणी आलं नाही. लोक दारांच्या फटींतून बघत होते, पण स्टँडपर्यंत यायची कुणाची छाती झाली नाही. त्या दारांमागे तुमच्यापैकी जे उभे होते, त्यांच्यावर माझा राग नाही. हे तुमच्यासाठीच लिहिते आहे, आणि माझ्यासारखं गाव सोडावं लागलेल्यांसाठीही.

महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. बाबांचं कापडाचं दुकान होतं, मागच्या बाजूला घर. एका बाजाराच्या दिवशी दिवेलागणीला कुऱ्हाडी घेतलेली माणसं दुकानात शिरली. बाबांनी न मागता गल्ल्याची किल्ली पुढे केली. त्यातल्या एकानं बाबांच्या अंगातला नवा कोट मागितला. नव्या काजांतून बटणं निघेनात. त्यानं मानेवर कुऱ्हाड घातली. मग खाली वाकून मेलेल्या माणसाच्या हातांतून बाह्या ओढू लागला. मायनं कापड मोजायचा लोखंडी गज उचलला आणि त्याच्या डोक्यात घातला, पुन्हा घातला. तो बाबांच्या शेजारीच कोसळला. मी मागच्या दारानं ओरडत पळाले. माणसं घेऊन परतले, तोवर बाकीचे कापडाचे तागे घेऊन पसार झाले होते.

मेलेला माणूस शेजारच्या गावचा गणपत निघाला. कोर्टानं मायला सोडलं. जीव वाचवायला केलं म्हणाले. गणपतच्या भावांनी सोडलं नाही. त्यांनी निरोप धाडला, ‘तुह्यी पोरगी बी बाजारात येते ना?’ त्या निरोपानंतर मायनं सामान बांधलं.

पुण्यात मामा कारकून होता. त्यानं त्याच्या बिऱ्हाडाला लागून एक खोली मिळवून दिली. माय पोलकी शिवायची, मी कॉलेजात जायची. मी ‘मले’ म्हटलं की वर्गातल्या मुली तोंडावर रुमाल धरायच्या. मी ‘मला’ म्हणायला शिकले. घरी आल्यावर पुन्हा ‘मले’.

इंग्रजीच्या तासाला एकदा सरांनी सांगितलं की ‘लूट’ हा शब्द इंग्रजांनी आपल्याकडून नेला. कंपनीच्या शिपायांनी इथली गावं लुटली आणि त्या कामाचं नावही इथूनच उचललं. वर्ग हसला. सरांनी तो शब्द वापरून वाक्य करायला मला उभं केलं. मी इंग्रजीत म्हटलं, त्यांनी आमचं दुकान लुटलं आणि माझ्या वडिलांना मारलं. वाक्य बरोबर आहे, असं सर म्हणाले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि खडू खाली ठेवला.

तास संपल्यावर, बहुधा माझं मन दुसरीकडे वळावं म्हणून, त्यांनी आणखी एक शब्द सांगितला. साहेबलोकांचा, न्यायाधीशांचा तो झुळझुळीत लांब झगा, ‘रोब’. त्याचा मूळ अर्थ लूट. मारलेल्याच्या अंगावरून उतरवून आणलेला कपडा. लुटण्याला ते ‘रॉब’ म्हणतात, तोही त्याच घरचा. त्या भल्या माणसाला कोटाची गोष्ट ठाऊक नव्हती.

संध्याकाळी मी ते मायला सांगितलं. तिनं मशीनचं चाक हातानं थांबवलं.

“त्याइच्या मुलकात बी मानसं मारून कपडे काढत व्हते?”

मी हो म्हटलं. तिनं सुईखालचं कापड काढून घडी घातली. मग म्हणाली, “मले गनपतच्या मायले भेटाचं हाय. त्या कोटापायी तिचा बी पोरगा गेला.”

मामानं हात जोडले, मी रडले. तिचं एकच, “मले जाऊ द्या.” शेवटी तिच्याबरोबर मीही निघाले. शेगावपर्यंत रेल्वे, पुढे एसटी. वरवटला न उतरता आम्ही थेट गणपतच्या गावात गेलो. दुपार होती, माणसं शेतात गेलेली. गणपतची म्हातारी आई ओट्यावर तूर पाखडत बसली होती. मायनं आपण कोण ते सांगितलं. सूप थांबलं.

म्हातारीनं विचारलं, “पोलिसाइनं पोरगा आनला तं त्याच्यावर नवं कोरं धोतर व्हतं. ते कोनं टाकलं?”

“म्या,” माय म्हणाली. “दुकानातल्या धोतरजोडीचं एक पान ह्याइच्यावर टाकलं, एक त्याच्यावर.”

इतकी वर्षं एका खोलीत राहून तिनं हे मला सांगितलं नव्हतं.

म्हातारी रडली नाही, बसाही म्हणाली नाही. तिनं आतून पाण्याचा गडवा आणून आमच्यापुढे ठेवला आणि रस्त्याकडे पाहिलं.

“माह्ये पोरं वावरातून याच्या आधी जा,” ती म्हणाली. “नाल्याकडून जा. मोठ्या रस्त्यानं नोका जाऊ.”

आम्ही नाल्याकडून गेलो. त्यानंतर त्या बाजूला कधी गेलो नाही. माय आता नाही. मी मुलींना इंग्रजी शिकवते, आणि माझं गाव कुणी विचारलं तर वरवट सांगते. पण घर म्हटलं की मला दुकान दिसत नाही, पुण्याची खोलीही दिसत नाही. ज्या बाईचा मुलगा मायच्या हातून गेला, ती माझ्या मायला जिवंत निघायची वाट सांगते आहे, तो ओटा दिसतो.