पापुद्रे नसलेली छत्री

त्या पावसाळ्यात मी इतकी दमलेली असायचे की एसटीत बसल्या बसल्या डोळा लागायचा. मानवतजवळच्या गावात भाड्याच्या दोन खोल्या, पाथरीच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवणं, आणि नवरा नोकरीसाठी लांबच्या जिल्ह्यात. गावातल्या बायकांना मी मागे कधीतरी धिंगरी अळिंबी पिकवायला शिकवलं होतं. उन्हाळ्यात तो उद्योग बसला, पण तेव्हापासून बांधावर काहीही छत्रीसारखं उगवलं की ते माझ्या दारात यायचं. खायची का, एवढंच लोक विचारायचे. माझं उत्तर ठरलेलं, नको.

एका सकाळी शेजारच्या मावशी टोपलं घेऊन आल्या. त्या आणि त्यांचे मालक दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला जातात, पावसाळ्यात घरी असतात. टोपल्यात कालव्याकडच्या चिंचेखालच्या जाडजूड छत्र्या होत्या. वरची टोपी तपकिरी, पावासारखी फुगीर, आणि देठ मुठीत मावेना. मी एक उलटी करून पाहिली. आपल्या सात्यांना, म्हणजे बांधावरच्या नेहमीच्या छत्र्यांना, खालून पापुद्रे असतात, तसे हिला नव्हते. पिवळसर स्पंज होता, सुईनं टोचल्यासारख्या बारीक छिद्रांचा. या छिद्रांतून बीजाणू गळतात, हे मी दरवर्षी फळ्यावर काढून दाखवत आले होते. बोलेटस म्हणतात ती ही छिद्रांची अळिंबी हातात मात्र पहिल्यांदाच धरत होते. विळीवर कापली तर आतला पिवळा गर बघता बघता निळा पडला.

मावशी मागं सरकल्या. इखारी आहे का म्हणाल्या. मी सांगितलं, निळं पडलं म्हणजे विषच असं नाही. चिरलेलं वांगं काळं पडतं, तसा हवा लागून हिचा रंग बदलतो. हिच्या जातीतल्या पुष्कळ खातात, पण काही चांगल्याच बाधतात, आणि ही कोणती ते मला ओळखता येत नाही. तेव्हा खाऊ नका. मावशींनी मान डोलावली, माझे विद्यार्थी डोलावतात तशी.

दिवसभर शिकवताना ती मान डोळ्यांपुढून हलेना. शेवटचा तास संपताच जीपनं परतले आणि थेट त्यांच्या अंगणात गेले. मावशी तवा घासत होत्या.

"लय झ्याक झालती भाजी," त्यांचे मालक बाजेवरून म्हणाले. "मटणावानी."

"मावशी, नको म्हणाले होते ना मी?"

"तुमीच म्हनलाव की, निळं म्हंजी इख न्हाई."

रागावायचंही त्राण नव्हतं. दवाखान्यात न्यायची वेळ आली तर म्हणून जीपवाल्याला फोन करून संध्याकाळपर्यंत चौकातच थांबायला सांगितलं आणि मी तिथंच बसले. पोटात कळ येते का, मळमळतं का, असं मी विचारायचे आणि दोघं निमूट नाही म्हणायचे. लिंबाखाली वारं छान होतं. मावशींचे मालक बाजेवरून उठले, मला तिथं बसवलं आणि स्वतः जोत्यावर टेकले. पाठ टेकावी म्हणून मी जराशी आडवी झाले.

जागी झाले तेव्हा उन्हं उतरली होती. अंगावर गोधडी होती. पायथ्याशी दोघं माझ्याकडं बघत बसले होते.

"आमाला काय बी झालं न्हाई," मावशी म्हणाल्या. "तुमालाच काय तरी व्हायलंय, बाई. किती दिवस झाले झोपला न्हाईत?"

मी उठून गोधडीची घडी घातली. मावशींनी भाकरी थापली, पिठलं टाकलं. पातेल्यात उरलेली भाजीही पुढं केली. तिला वास चांगला होता. मी हात लावला नाही, मावशींनाही लावू दिला नाही.

दुसऱ्या दिवशीही दोघं ठणठणीत होते. गावात बोलणं झालं की मॅडमला यातलं काही कळत नाही. त्याचं मला वाईट वाटलं नाही. मावशी पुढच्या आठवड्यात पुन्हा टोपलं घेऊन आल्या, तेव्हा मात्र मी लगेच एक छत्री बुडापासून उचलून पाहिली. या छत्र्या वेगळ्याच होत्या. पांढऱ्या, नाजूक, खालून पापुद्र्यांच्या, देठाच्या बुडाशी जीवघेण्या जातींना असते तशी पिशवी असलेल्या. मी नको म्हणाले. मावशी म्हणाल्या, मागंही तुमी नकोच म्हनलाव.

समजावून सांगायला माझ्यात जोर नव्हता. त्यांच्या हातातलं टोपलं काढून घेतलं, मागं जाऊन खड्डा केला आणि सगळ्या पुरून टाकल्या. परत येऊन हात साबणानं धुतले, त्यांनाही धुवायला लावले.

मावशी रागावल्या नाहीत. रिकामं टोपलं काखेला मारून म्हणाल्या, "सांजच्याला भाकरी टाकते. या."